वायर जोडली, पण ब्रेक लागतोय का?

दोस्तांनो, या अंकात दातांबद्दल लिहायचं ठरलं होतं. मागच्या वेळी तसं कबूलही केलं होतं मी. पण मध्येच गडहिंग्लज तालुक्यातून एक पत्र आलं आणि दात मागे राहिले. पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, तेव्हा छापत नाही. मजकूर साधारण असा :

‘माझा दादा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच फडात ऊस तोडताना त्याला डाव्या हातावर कोयता लागला. दोन बोटं वाकेनाशी झाली. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. टाके निघाले. आता तिथल्या एक मॅडम आठवड्यातून दोनदा बोलावतात. हाताला प्लॅस्टिकची पट्टी घातलीय, ती काढायची नाही म्हणतात. बाबा म्हणतात, “हात जोडलाय न्हवं? मग आनि कशाला हेलपाटं?” दादा म्हणतो, त्या औषध देत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत, नुसती बोटं हलवतात. तेवढं तर मी घरीपण करीन. तुम्ही सांगा, खरंच जायला पाहिजे का?’

तिला मी त्याच दिवशी उत्तर धाडलं. अंक छापून येईपर्यंत थांबून चाललं नसतं. ‘जा. एकही खेप चुकवू नका. आणि दादाला सांग, स्वतःच्या मनानं बोटं हलवू नकोस,’ एवढंच त्यात लिहिलं होतं. हे का, ते आता तुम्हा सगळ्यांना सांगतो.

आधी एक गंमत करून बघा. उजव्या हातानं डावा हात मनगट आणि कोपर यांच्या मध्ये घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पेटीवर सूर वाजवल्यासारखी भराभर हलवा. हलतात बोटं, पण उजव्या हाताखाली काहीतरी वळवळतंय ना? तेच बोटांचे स्नायू! बोटं मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच मुळी, ते राहतात वर कोपराखाली. तिथून लांब दोऱ्या निघतात, मनगटातून जातात आणि बोटांच्या हाडांना चिकटतात. या दोऱ्या म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. आपल्याकडे सरसकट ‘शीर तुटली’ म्हणतात, पण शीर वेगळी, ही वेगळी. शिरेतून रक्त वाहतं. कंडरेतून काही वाहत नाही, ती फक्त ओढते.

दुसरी गंमत. हात टेबलावर पालथा ठेवा. फक्त मधलं बोट आत दुमडून तळहाताखाली घ्या, बाकीच्या बोटांची टोकं टेबलावर टेकलेली राहू द्या. आता अंगठा उचला. उचलला. तर्जनी? तीही उचलली. करंगळी? थोडी का होईना, हललीच. आता अंगठीचं बोट उचलून दाखवा!

बसलात ना ओढत? बोटं उघडणाऱ्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. मधलं बोट बांधून ठेवलं की शेजारच्याची दोरीही अडकते. हा खेळ मी आमच्या गल्लीतल्या एका पैलवानाला करायला लावला होता. घामाघूम झाला गडी, पण बोट काही उचललं नाही.

आता बोटं मिटणाऱ्या दोऱ्या पाहू. अंगठ्याला एक, बाकीच्या प्रत्येक बोटाला दोन दोन, म्हणजे एकूण नऊ. या नऊ दोऱ्या आणि एक जाडसर मज्जातंतू असे दहा जण मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून खाली उतरतात. बोटात शिरल्यावर प्रत्येक जोडीला आपली एक नळी असते. तुमच्या सायकलचा ब्रेक आठवा. वर दांडीवर तुम्ही मूठ दाबता, खाली चाकाजवळ रबर आवळतं. मधे असते वायर, आणि वायरवर कव्हर. वायर त्या कव्हरमधून सरसर सरकली पाहिजे. पावसाळ्यात आत गंज चढला की काय होतं? वायर शाबूत असते, दांडी शाबूत असते, पण ब्रेक लागत नाही.

दादाच्या हातातली वायरच तुटली होती. सर्जननी ती बारीक दोऱ्यानं जोडली. ते काम सोपं नाही. हाताच्या शस्त्रक्रियेचे पितामह मानले जाणारे अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी तळहाताच्या बोटांकडच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागाला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हटलं होतं. लढाईत दोन सैन्यांच्या मधे जी ओसाड पट्टी असते ना, जिथं पाऊल टाकलं की संपलं, ती. कारण एकच. त्या अरुंद नळीत कंडरा जोडली की जखम भरताना ती नळीलाच चिकटायची. ऑपरेशन छान व्हायचं, बोट मात्र हलायचं नाही. एके काळी तर तिथं लगेच जोडूच नये असं मत होतं.

मग आज कसं जमतं? शिवण सुधारली हे खरंच. पण दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. जोडलेली कंडरा पहिल्या काही दिवसांतच हळूहळू सरकवायला लागतात. आणि इथं येतात दादाच्या त्या ‘नुसती बोटं हलवणाऱ्या’ मॅडम.

त्यांची कसरत बघा. बोट हललंच नाही तर कंडरा चिकटणार. जोरात हललं तर शिवण तुटणार. पहिले काही आठवडे ती शिवण इतकी नाजूक असते की झोपेत मूठ आवळली किंवा सवयीनं बादली उचलली, तरी तटकन तुटू शकते. म्हणून हाताच्या पाठीकडून ती पट्टी, तिला म्हणतात स्प्लिंट. मनगट आणि बोटं थोडी वाकलेल्या अवस्थेत धरायची, म्हणजे दोरी सैल राहते. त्या पट्टीच्या आतल्या आत, दिवसातून अनेक वेळा, ठरलेली हालचाल ठरलेल्या वेळा करायची. आधी दुसऱ्या हातानं बोट वाकवायचं, मग ते वाकलेलं नुसतं धरून ठेवायचं, मग स्वतःहून अर्धी मूठ. कुठला प्रकार कधी, हे त्या ठरवतात, आणि सर्जनशी बोलून ठरवतात. कारण आत शिवण कशी घातलीय हे त्यांनाच ठाऊक. साधारण सहा आठवडे पट्टी, त्यानंतर हलकी कामं, आणि जोराचं काम तीन महिन्यांनंतर. दादाला वाटतंय, घरीपण करीन. अरे बाबा, घरीच करायचंय! तिथं जायचं ते आज किती करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे कळण्यासाठी.

अशा एका खोलीत मी एक सकाळ बसून आलोय. दवाखान्याची खोली वाटतच नाही ती. टेबलावर काय काय होतं सांगू? कपडे वाळत घालायचे चिमटे, नट-बोल्ट, पत्त्यांचा कॅट, रुपये-दोन रुपयांची नाणी, कुलूप-किल्ली, ज्वारीनं भरलेलं एक घमेलं. आणि तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक! म्हणजे जवळजवळ तोच, फक्त त्याला दोन लांब पाय असतात. एक पाय पेराच्या या बाजूला ठेवायचा, दुसरा त्या बाजूला, आणि बोट किती अंश वाकलं ते वहीत लिहायचं. गेल्या सोमवारी ३५, आज ४०. पाच अंशांनी काय होतंय असं आपल्याला वाटतं. पण मी गेलो होतो त्या दिवशी एका काकूंचे सहा अंश वाढले, तर अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या.

स्प्लिंट तिथंच बनवतात. पांढऱ्या प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की पापडाच्या पिठासारखा मऊ पडतो. तो बाहेर काढून, पुसून, तुमच्या हातावर बसवायचा आणि गार होईपर्यंत धरायचा. दोन-चार मिनिटांत कडक! प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाची पट्टी वेगळी. शेजारच्या मुलाची पट्टी उसनी आणून चालत नाही. (असं करणारे महाभाग आहेत, म्हणून सांगितलं.)

ज्वारीचं घमेलं कशाला, असं मी विचारलं. कोयत्यानं किंवा काचेनं कंडरेसोबत मज्जातंतूही कापला गेला, तर बोट बधिर होतं. मज्जातंतू जोडला तरी तो लगेच काम करत नाही, जोडापासून पुढे पुन्हा वाढत जातो. किती वेगानं? दिवसाला साधारण एक मिलिमीटर! आता गणित करा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले तर १८० दिवस, म्हणजे सहा महिने. आणि एवढं करून तो पोचला, तरी मेंदूला त्याचे निरोप सुरुवातीला कळत नाहीत. म्हणून ज्वारीत लपवलेलं नाणं डोळे मिटून शोधायचं, वाळूचा कागद कुठला आणि मखमल कुठली ते ओळखायचं. म्हणजे बोटांची पुन्हा बालवाडी. मधल्या काळात त्या बधिर बोटाला तव्याचा चटकाही कळत नाही, तेव्हा चुलीपाशी जपायचं, हेही तिथंच शिकवतात.

मेंदूवरून आणखी एक आठवलं. एका कोपऱ्यात आरसा उभा होता. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ही साधी युक्ती काढली. हात गमावलेल्या माणसाला नसलेला हात दुखतोय, आवळलाय असं वाटत राहतं. त्याचा चांगला हात आरशासमोर धरायचा. आरशात दिसतो दुसरा हात! तो उघडताना दिसला की काहींच्या मेंदूला हायसं वाटतं आणि कळ कमी होते. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण आज लकव्यानंतर हात हलवायला शिकवतानाही हा आरसा वापरतात.

आता या मॅडम म्हणजे नेमक्या कोण? डॉक्टर? नर्स? पुष्कळदा त्या असतात फिजिओथेरपिस्ट, नाहीतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत या दुसऱ्या शास्त्राला ‘व्यवसायोपचार’ असा भारदस्त शब्द आहे. व्यवसाय म्हणजे इथं दुकान नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं : शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं, लिहिणं, धार काढणं. बारावीला विज्ञान घेऊन दोन्हीची पदवी करता येते आणि त्यानंतर काही जण फक्त हाताचाच वेगळा अभ्यास करतात.

आपल्या देशात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, १९५० साली. ही शाळा सुरू करणाऱ्या बाईंची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांचं माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. जन्म अमेरिकेतला. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी १९३० साली लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी हे शास्त्र पाहिलं. महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांमुळे तिकडे ते झपाट्यानं वाढलं होतं. तेव्हा वयाच्या चाळिशीत, मुलंबाळं असताना, त्या फिलाडेल्फियाला पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसल्या. परत आल्या आणि के.ई.एम.मध्ये कामाला लागल्या. १९५२ साली भारतातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. त्याच वर्षी या तज्ज्ञांची जागतिक संघटना झाली आणि तिच्या संस्थापक दहा देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती फक्त! आणि हो, फलटणचे शेती आणि शेळ्या-मेंढ्यांवर मोठं काम केलेले बनबिहारी निंबकर, हे त्यांचेच चिरंजीव.

व्यवसाय या शब्दाला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फार अर्थ आहे बरं का. इथं एकाच दुखापतीचे दहा अर्थ होतात. हुपरीला चांदीचे पैंजण घडवणाऱ्याला चिमटीत कडी धरता आली पाहिजे, तिथं अर्धा मिलिमीटरही मोजावा लागतो. इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराला तुटलेल्या धाग्याची गाठ मारता आली पाहिजे. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला काहिलीत घोटणी फिरवायला मनगट आणि खांदा लागतो. पैलवानाला पकड. आणि चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्यांचं काय? त्यांचे हात हेच त्यांचे पाय. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ सुरू केलं, तिथल्या मुलांना विचारा खांदा दुखला की काय काय अडतं ते! म्हणून चांगला थेरपिस्ट पहिल्या दिवशी ‘कुठे दुखतंय’ याच्याबरोबर ‘तुम्ही काय काम करता’ हेही विचारतोच.

गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे. उसाच्या चरकात आणि रसवंतीच्या यंत्रात दर हंगामात हात जातात. कांडं अडकलं की यंत्र चालू असतानाच ते ओढायला हात पुढे होतो, स्वेटरची बाही नाहीतर ओढणी आत जाते. यंत्र बंद केल्याशिवाय त्याच्याजवळ हात न्यायचा नाही, अगदी घरचं गुऱ्हाळ असलं तरी. आणि कुणाचं बोट तुटून वेगळं झालंच, तर ते फेकू नका, नुसत्या बर्फातही टाकू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि जखमीबरोबर लगेच दवाखान्यात न्या. काही तासांत पोचलं तर ते पुन्हा जोडता येण्याची शक्यता असते.

तुटलेलं बोटच काय, आता दुसऱ्याचा हातसुद्धा बसवतात. भारतात हाताचं पहिलं प्रत्यारोपण २०१५ साली कोचीच्या अमृता रुग्णालयात झालं. २०१७ साली तिथंच, बसच्या अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका विद्यार्थिनीला मरण पावलेल्या तरुणाचे हात बसवले. ऑपरेशन चाललं सुमारे तेरा तास आणि त्यानंतरचे व्यायाम वर्षाहून अधिक काळ! पेपरात मोठा मथळा आला तो तेरा तासांचा. पण पुढे ती त्या हातांनी परीक्षेचा पेपर लिहू लागली, ते त्या मागाहूनच्या कष्टांवर.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती न सांगणं म्हणजे लबाडी होईल. मी पाचवीत असताना चिंचेच्या झाडावरून पडलो. डावं कोपर सुजून भोपळ्याएवढं झालं. घरच्यांनी हाड बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं हात ओढला, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला आणि पुढे पंधरा दिवस रोज गरम तेलानं मालिश केलं. मी बोंबलायचो, आणि सगळे म्हणायचे, दुखतंय म्हणजे गुण येतोय. माझा तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. शाळेत कवायतीला दोन्ही हात समोर धरायचे, तेव्हा माझा डावा हात नेहमी रांगेबाहेर दिसायचा, आणि त्यावरून खाल्लेल्या छड्या वेगळ्याच.

त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. पण कोपर हा फार चमत्कारिक सांधा आहे. नुकत्याच मोडलेल्या कोपराला चोळलं, जबरदस्तीनं ताणलं, तर आजूबाजूच्या स्नायूतच हाड तयार होऊ लागतं आणि सांधा जाम होतो. घट्ट बांधण्याचा धोका तर याहून मोठा. आत रक्त पोचेनासं झालं की काही तासांत हाताचे स्नायू मरायला लागतात आणि बोटं कायमची आखडतात. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननी हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा हाताला बांधल्यावर, मग ते प्लॅस्टर का असेना, कळा थांबेनात, बोटं सरळ करताना जीव जायला लागला, बोटं पांढरी, गार किंवा बधिर पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला का होईना, घरच्यांना उठवायचं आणि दवाखाना गाठायचा. आपल्या तालमींतले जुने वस्ताद हाताचे जाणकार असतात, खरं आहे. पण त्यांच्यातले शहाणे आता आधी फोटो काढून आणायला सांगतात.

थेरपिस्ट कोपराला कधीच हिसका देत नाहीत. ‘तुझा तू हलव,’ म्हणतात, आणि आपण हलवतो तिथंच मोजतात. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, उद्या त्याच्या किंचित पुढे. मी त्या खोलीत बसलो होतो ना, तेव्हा माझंही कोपर मोजून घेतलं हळूच. पंचवीस अंश कमी. मॅडम म्हणाल्या, “तीस-चाळीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं, काका.”

गडहिंग्लजहून परवा दुसरं पत्र आलंय. बाबा अजून कुरकुरतात, पण खेपेला स्वतः बरोबर जातात. मॅडमनी गाडीभाडं वाचावं म्हणून आठवड्याचा एक दिवस कमी केलाय आणि त्याऐवजी घरच्या व्यायामाचा तक्ता दिलाय. तो बहिणीनं दाराला चिकटवलाय आणि प्रत्येक वेळेला तीच खूण करते. दादा चिडतो म्हणे. पट्टी निघाली. मूठ मिटते, पण करंगळी अजून तळव्यापासून एक बोटभर लांब राहते. दहा आठवडे झालेत. कोयता अजून बंद.

आणि दात पुढच्या अंकात, नक्की.